कोपऱ्यावरच्या इराण्यातली आमची खुर्ची

हल्ली जुन्या मुंबईच्या आठवणींचं पेव फुटलंय. कोपऱ्यावरचा इराणी गेला, गिरणीचा भोंगा गेला, चाळीतली खाणावळ गेली, एकपडदा थेटरं गेली म्हणून रविवारच्या पुरवण्यांतून गळे काढले जातात. संगमरवरी टेबल, गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या, ब्रून मस्का, पानी कम चाय. वाचताना आपल्याही तोंडाला पाणी सुटतं, खोटं कशाला बोला! पण दोस्तांनो, या गळेकाढूंना एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. त्या खुर्चीवर तेव्हा कोण बसत होतं? आणि दाराबाहेर कोण उभं होतं?

ती मुंबई आम्हालाही आठवते. पण आमच्या आठवणीला हिशेबाची वही जोडलेली आहे.

आमचा बाप पोटासाठी गाव सोडून मुंबईत आला. गावात चहाच्या दुकानात त्याच्यासाठी वेगळी कपबशी होती. कान तुटलेली, वळचणीला खोचलेली. ती आपणच काढायची, लांबून ओतलेला चहा प्यायचा, आपणच विसळायची आणि परत खोचायची. पैसे मात्र गावाइतकेच. मुंबईत पहिला पगार झाला तेव्हा बाप कोपऱ्यावरच्या इराण्यात शिरला. खुर्चीच्या कडेवर टेकला. पोऱ्यानं कप आणून आदळला. चहा संपल्यावर बापानं सवयीनं कप उचलला आणि मोरी शोधायला निघाला. पोऱ्या ओरडला, ‘ए, कप लेके किधर चला?’ मरेपर्यंत बाप ही गोष्ट हसत सांगायचा. आम्हीही हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे फार उशिरा कळलं.

हा इराणी आला कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द, केरमान भागातून गरीब झरतुष्ट्री माणसं मुंबईत आली. तिकडे तेही अल्पसंख्य, दबलेले. इथं त्यांनी चहाची दुकानं काढली. सांगतात की कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदाराला अशुभ वाटायची, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळाली. धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं. एकेकाळी शहरात अशी हॉटेलं शेकड्यांनी होती. गल्ल्यामागे मालक, बरण्यांत खारी आणि बिस्किटं, काउंटरवर साबण, ब्लेड, काड्यापेटी, सिग्रेट. एका चहावर तासभर पेपर वाचत बसलं तरी चालायचं. कोण, कुठला, आडनाव काय, हे सहसा कोणी विचारायचं नाही. बाहेर ‘हिंदू हॉटेल’ अशा पाट्या होत्या त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट!

तरीपण इराण्याला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. त्यानं जात मोडायला दुकान काढलं नव्हतं, धंदा करायला काढलं होतं. आणि अग्यारीत जाणाऱ्याच्या डोक्यात जात शिरत नाही असं कोणी समजू नये. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात येऊन उभे राहिले. एवढा शिकलेला माणूस, आणि रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत त्याला सार्वजनिक बागेत बसावं लागलं! ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. म्हणूनच घटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं एकेक करून घातलेली दिसतात. त्यातल्या ‘हॉटेल’ या शब्दामागे वळचणीच्या लाखो कपबश्या आहेत. १९५५ साली अस्पृश्यतेचा गुन्हे कायदा आला तेव्हा कुठं हॉटेलवाल्याला शिक्षेची भीती पडली.

आता गिरणीकडे या. भोंग्याच्या आठवणीनं सगळेच हळवे होतात. पण भोंगा सगळ्यांना सारखा वाजत असला तरी आत खाती सारखी नव्हती. विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथं आपल्या माणसाला मज्जाव. का? तर धोट्यातलं सूत तोंडानं ओढून काढावं लागे. महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणजे गावातली कपबशी गिरणीत धोटा झाली! पाण्याचे माठही वेगळे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. जगातल्या कामगारांची एकजूट सांगणाऱ्यांना आपल्याच खात्यातला माठ दिसत नव्हता.

खाणावळींचंही तेच. गिरणगावात बाया दहा-वीस गड्यांची जेवणं रांधायच्या. कष्ट अफाट, पैसा थोडा. १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ निघालं ते याच बायांसाठी. त्यांच्या कष्टाला आमचा सलाम आहे. पण पान मांडलं जायचं ते गाव आणि जात बघून. आपला माणूस आपल्या गावकीच्या खोलीत राहायचा, आपल्याच बाईकडे जेवायचा. ‘गिरणगावची एकोप्याची संस्कृती’ असं कोणी लिहिलं की या वेगवेगळ्या पंगती आठवाव्यात.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. गिरणी गेली तसा तिच्या दारातला इराणी गेला, खाणावळ गेली, उधारीवर किराणा देणारा वाणी गेला. जमिनीवर मॉल आणि टॉवर आले. दुकान एकटं मरत नाही. पगाराची तारीख मेली की तिच्यावर जगणारं सगळं मरतं. हे अर्थकारण सोडून नुसता मस्का-पावाचा वास आठवण्यात काय हशील?

इथवर झाली दुसऱ्यांच्या जागांची गोष्ट. आता आपल्या.

आपले अड्डे कुठले होते? परळचा दामोदर हॉल घ्या. ९ मार्च १९२४ ला तिथं बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. पोयबावडीची बीआयटी चाळ घ्या. तिथल्या दोन खोल्यांत बाबासाहेब वीसेक वर्षं राहिले. चाळीची गॅलरी हीच बैठकीची जागा. बाया मात्र इराण्यात नव्हत्या आणि सभेच्या टेबलापाशीही क्वचितच. त्यांची सभा नळावर भरायची. पाण्याची वेळ, भांडणं, कुणाच्या पोरीला शाळेतून काढली, कुणाचा नवरा मारतो, मोर्चाला कोण येणार, सगळं तिथं ठरायचं. त्या सभेचं इतिवृत्त कोणी लिहिलं नाही. आम्हीही नाही, हे कबूल करायला हवं.

बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारनं बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ इमारती, १६० चौरस फुटांची एकेक खोली. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरची सभा होती. तिथं दंगल पेटली. पाचच दिवसांनी, १० जानेवारीला, मोर्चावर इमारतीतून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव शहीद झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चांगलं झालं! सामाईक संडासाच्या रांगेसाठी आम्ही रडणार नाही. ते काम ज्यांनी रांग लावली नाही त्यांनी करावं. पण एक गोष्ट मात्र गेली. गॅलरीत उभं राहून एक हाक मारली की दहा मिनिटांत शंभर माणसं खाली जमायची. लिफ्टच्या इमारतीत ती हाक कशी द्यायची, ते तुम्हा पोरांना नव्यानं शोधावं लागेल.

कधी कधी तर जागाच नसायची. ज. वि. पवारांनी लिहून ठेवलंय की दलित पँथरची कल्पना निघाली ती अलंकार सिनेमापासून ऑपेरा हाऊसकडे नामदेव ढसाळांबरोबर पायी जाताना. साल १९७२. हॉल नाही, टेबल नाही, रस्ता हाच अड्डा. पवारांनी लिहिलं म्हणून तो रस्ता आज आपला आहे. लिहिलं नसतं तर ते फक्त रस्त्यावरचे दोन तरुण राहिले असते.

आणि सायक्लोस्टाइलची दुकानं! आजच्या पोरांनी ते यंत्र पाहिलंही नसेल. मेणकागदाचं स्टेन्सिल, त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं अक्षर कोरायचं. जोर जास्त लागला की कागद फाटला, कमी लागला की अक्षर उमटलं नाही. मग रुळावर चढवून हँडल फिरवायचं. काही शे प्रतींनंतर स्टेन्सिल दगा द्यायचं. हात काळे, शर्ट काळा. रात्री गठ्ठा काखेत मारून लोकलनं वस्तीवर न्यायचा. छापखानेवाला आमचं कशाला छापील? १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’नं त्याची जाहिरात घेतली नव्हती. ते दुखणं बाबासाहेबांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी स्वतःचा छापखाना उभा केला. आधी भारतभूषण, मग बुद्धभूषण. दुसऱ्याच्या दुकानात खुर्ची मागत बसण्यापेक्षा स्वतःचं दुकान काढायचं, हा त्याचा अर्थ.

त्या बुद्धभूषण छापखान्याचं काय झालं? २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं, त्यात छापखानाही गेला. अंधारात, माणसं झोपेत असताना. पुढच्या महिन्यात रस्त्यावर लोकांचा पूर लोटला. पण ज्या भिंतींत आपल्या बापाचे खिळे जुळवले गेले त्या भिंती पडल्या त्या पडल्याच. एखादा जुना इराणी बंद होणार म्हटलं की शेवटचा चहा प्यायला रांगा लागतात, फोटो निघतात, लेख येतात. बुद्धभूषणला शेवटचा निरोप द्यायची संधी कुणाला मिळाली? या शहरात आठवणीलाही जात आहे.

उलटी गोष्टही आहे. ६ डिसेंबर २०११ ला आपले कार्यकर्ते बंद पडलेल्या इंदू मिलमध्ये घुसले आणि जागा अडवून बसले. २०१५ साली तिथं बाबासाहेबांच्या स्मारकाचं भूमिपूजन झालं. ज्या धंद्यानं आपल्याला धोट्याला तोंड लावू दिलं नाही, त्याच धंद्याच्या जमिनीवर त्यांचं स्मारक! ती जागा नुसत्या हळवेपणानं मिळाली नसती.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच आहे. जुन्या मुंबईसाठी दुसऱ्याचा हुंदका उसना घेऊ नका. आपला हिशेब आपण लिहा. तुमच्या आजीला विचारा, नळावर कोण बोलायचं. आजोबाला विचारा, पहिला चहा कुठं प्यायला, कप कुणी धुतला, मालक काय म्हणाला. जयंतीची वर्गणी कुठल्या दुकानदारानं दिली, कुणी हाकलून दिलं. जलसा कुठल्या अंगणात झाला. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असायची. साल विचारा, गल्लीचं नाव विचारा, आणि त्याच रात्री लिहून काढा. म्हातारी माणसं दर पावसाळ्यात कमी होताहेत.

आमचा बाप गेला तेव्हा त्याच्या ट्रंकेत गिरणीचा पास निघाला आणि एक कपबशी. कान असलेली, धड. कुठून आणली होती, कधी आणली होती, आम्ही कधी विचारलंच नाही. आता विचारायला कोणी उरलं नाही. तुमच्या घरी अजून असतील, तर आजच विचारा.

जय भीम.