सहारातले विषारी खजूर

मार्च 1881. सहारा वाळवंटातून पन्नासेक माणसे पायी परतत होती. फ्रेंच सरकारने रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठी कर्नल फ्लॅटर्स यांची मोहीम पाठवली होती. 16 फेब्रुवारीला तुआरेग टोळ्यांनी फ्लॅटर्सना मारले, उंट पळवले. उरलेल्यांजवळ ना उंट, ना अन्न. मग पाठलाग करणाऱ्या तुआरेगांनीच त्यांना कुटलेले खजूर देऊ केले. भुकेल्या माणसांनी ते खाल्ले.

थोड्याच वेळात कोणी बरळू लागले, कोणी हवेत बंदुका झाडू लागले, कोणी वाळवंटात सैरावैरा पळत सुटले. खजुरात एका रानझुडपाची पूड होती. शास्त्रीय नाव हायोसायमस म्युटिकस. जाड, मांसल पाने, जांभळट छटेची फुले. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा खुरासानी ओवा याच्याच जवळच्या नात्यातला. नावात ओवा असला तरी ओव्याशी त्याचा काही संबंध नाही! कूळ बटाटा, वांगी, मिरची आणि धोतऱ्याचे.

तुम्ही विचाराल, हा इतिहास डॉक्टर कशाला सांगतोय? कारण धोतऱ्याच्या बिया खाल्लेल्या मुलात हेच चित्र दिसते. तोंडाला कोरड, अंग गरम आणि लाल, बाहुल्या मोठ्या, लघवी तुंबलेली, नसलेल्या वस्तू हवेत पकडण्याची धडपड. घरच्यांना वाटते, बाहेरची बाधा झाली. अंगारा लावण्यात तास जातात.

आपल्या नसा ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने लाळ, घाम, आतडी, मूत्राशय यांना निरोप धाडतात. या झुडपातले हायोसायमीन तो निरोप अडवते. मेंदूतही अडवते, म्हणून भ्रम होतो.

आता उलटी बाजू पाहा. याच हायोसायमीनपासून ॲट्रोपीन मिळते, आणि त्यासाठी इजिप्तच्या वाळवंटातले हे झुडूप परदेशी निर्यात होत असे. शेतात फवारायची ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके पोटात किंवा अंगात गेली, की ॲसिटिलकोलीन साचत जाते. लाळ गळते, छातीत पाणी साचल्यासारखे होते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तिथे आम्ही ॲट्रोपीन टोचतो, छाती मोकळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा. खजुरातून ज्याने माणसे मारली, त्यानेच आपल्याकडचे कितीतरी शेतकरी वाचतात.

मुलाने असे काही खाल्ल्याची शंका आली, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. उरलेली बी, फळ किंवा पान पिशवीत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. फवारणीनंतर त्रास झाला, तर औषधाची बाटली सोबत आणा.