वऱ्हाडचा भाडेपट्टा आणि आपले घर

मागच्या वर्षी वाशीमला एका फ्लॅटच्या कराराचा मसुदा माझ्या हाती आला. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. वडील सालदार होते. त्यांचा सालाचा करार तोंडी होई आणि हिशेब मालकाच्या वहीत राही. मसुद्यातील दोन शब्दांशी मी थांबलो : जमिनीचा 'भाडेपट्टा' आणि दरमहाचे 'सेवाशुल्क'. मी इतिहास शिकवतो. या दोन शब्दांनी एकदा वाशीमसह सबंध वऱ्हाडचे भवितव्य ठरवले आहे.

हैदराबादच्या निजामाकडे कंटिंजंट नावाची फौज होती. तिचे अधिकारी इंग्रज, खर्च मात्र निजामाचा. ही सेवा किती हवी, केवढ्याला हवी, हे पैसे भरणाऱ्याच्या हाती नव्हते. थकबाकी साचली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड त्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेले. हिशेब देऊन शिल्लक निजामाला द्यावी, असे ठरले होते. १८६० च्या तहात ५० लाखांचे कर्ज माफ झाले, काही मुलूख परत मिळाला. पण वऱ्हाडचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. पुढे १९०२ साली कर्झनच्या कारकिर्दीत वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिले गेले. भाडे वर्षाला २५ लाख रुपये. मालकी कागदावर निजामाची, सत्ता इंग्रजांची. ज्यांच्या घामातून शेतसारा निघत होता, त्या शेतमजुराला आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला यातले काहीच कुणी विचारले नाही.

आज विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. विदर्भातील शहरांत नझूलची, म्हणजे सरकारी पट्ट्याची जमीन पुष्कळ आहे. बिल्डरकडे पट्टाच असेल तर गृहनिर्माण संस्थेलाही पट्टाच मिळतो, मालकी नव्हे. तेव्हा पट्ट्याची किती वर्षे उरली, भुईभाडे किती, नूतनीकरणाचा खर्च कुणाचा, हे सहीपूर्वी पाहिले पाहिजे. जमिनीवरील आपला हक्क कोणता, हे उघड करण्याचे बंधन १९६३ च्या कायद्याने बिल्डरवर घातले आहे. चौकीदाराचा पगार, सामायिक वीज हे सेवाशुल्कात येते. संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद पाहण्याचा हक्क १९६० च्या सहकारी कायद्याने प्रत्येक सभासदाला दिला आहे.

मी हे प्रश्न विचारले तेव्हा बिल्डरचा माणूस म्हणाला, "सर, एवढं कोण वाचतं?"

आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या वाचू दिले नाही, म्हणून त्यांच्याकडून सेवा घेतली गेली आणि हिशेब दिला गेला नाही. आता सेवेचे पैसे आपण मोजतो आहोत. मग वही आपल्यापुढे उघडलीच पाहिजे. कर्ज काढून घर घेणाऱ्या आपल्या प्रत्येक शिक्षकाने, कारकुनाने हे ध्यानात ठेवावे : निजामाने आधी हिशेब सोडला, वऱ्हाड कायमचे गेले ते त्यानंतर.