एक आण्याची वर्गणी
(सांगली जिल्ह्यातील लोकल बोर्ड, पंचायती व जिल्हा परिषद यांची हकीकत)

देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला की देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरून दर्शनी भिंतीत बसवितात. कोणी शंभर रुपये दिलेले असतात, कोणी लाख दिलेले असतात, कोणी नुसतीच श्रमदानाची पाळी धरलेली असते. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातील गलाई व्यावसायिक बंधू तर सोन्याचांदीच्या कामासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत गेले, पण गावच्या देवळाचे काम निघाले म्हणताच त्यांची वर्गणी पोहोचल्याशिवाय राहत नाही. या सर्वांची नोंद राहावी हे योग्यच आहे.

परंतु देवळापासून हाकेच्या अंतरावर शाळा असते, तिच्यासमोरून रस्ता जातो, पलीकडे जनावरांचा दवाखाना आणि पाण्याची टाकी असते. त्यांवर "जिल्हा परिषद" अथवा "ग्रामपंचायत" एवढीच अक्षरे दिसतात. देणगीदारांची फरशी तेथे नसते. त्यामुळे हे सर्व "सरकारने दिले" अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वास्तविक त्या कामांसाठीही गावोगावच्या खातेदारांनी वर्गणी भरलेली आहे, व ती भरण्यास प्रारंभ होऊन दीडशे वर्षे उलटून गेली. त्या वर्गणीची ही हकीकत.

मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या काळात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेण्याची पद्धत सुरू झाली. १८६९ च्या कायद्याने ती पक्की झाली. या जादा आण्याला लोकल फंड म्हणत. त्यातील दोन हिस्से रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांसाठी व एक हिस्सा शाळांसाठी राखलेला असे. कल्पना वाईट नव्हती. मात्र पैसा रयतेचा असला तरी तो कोठे खर्च करावयाचा हे कलेक्टरसाहेब व त्यांनी नेमलेली मंडळी ठरवीत. सहा कोस तुडवत बाजाराला जाणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या आण्याचे काय झाले हे विचारण्यास जागा नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी, ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले. शेतकऱ्याच्या घामातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो आणि ज्याने भरला त्याची मुले अक्षरशत्रू राहतात, असा त्याचा मथितार्थ होता.

त्याच वर्षी लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला व १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली. आजचा सांगली जिल्हा त्या वेळी बराचसा सातारा जिल्ह्यात, तर उरलेला सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांत विभागलेला होता. लोकल बोर्डाने पुष्कळ कामे केली, पण सुरुवातीला मतदार मूठभर आणि अध्यक्ष सरकारी अधिकारी असा कारभार होता. १९२३ च्या कायद्याने तो बराचसा लोकनियुक्त झाला. शाळेला इमारत नसे तेव्हा गावोगावी शाळा देवळाच्या ओवरीत वा सभामंडपात भरत. जुनी माणसे धुळाक्षरे गिरवलेल्या ओवऱ्या दाखवीत असत. देवळाने शाळेला दिलेली ही जागा कोणत्याही अंदाजपत्रकात नोंदलेली नाही, तरी लोकल बोर्डाच्या शिक्षणकार्यात तिचा वाटा मोठा आहे.

येथे औंधाचा प्रयोग सविस्तर सांगितला पाहिजे. बहात्तर गावांचे औंध संस्थान सलग नव्हते. त्याचे तुकडे विखुरलेले होते आणि त्यांतील आटपाडी व कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहेत. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे प्रचारक व चित्रकलेचे भोक्ते म्हणून सर्वांस ठाऊक आहेत, परंतु त्यांची याहून मोठी कृती निराळीच होती. १९३८ च्या अखेरीस त्यांनी राज्याचा अधिकार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले आणि १९३९ साली औंधची स्वराज्य घटना अमलात आली. पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन व राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनी महात्मा गांधींचा सल्ला घेऊन ती तयार केली होती. गावाने पाच पंच निवडावयाचे, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हावयाची आणि तालुका समितीने विधिमंडळात माणसे पाठवावयाची. इमारत पायापासून वर चढत गेली, कळसापासून खाली नव्हे. गावचे लहानसहान तंटेही पंचांनीच मिटवावयाचे होते.

याहून महत्त्वाचे म्हणजे पैसा. महसुलाचा जवळजवळ निम्मा वाटा खालच्या पातळीवर खर्चण्यासाठी ठेवण्यात आला. राजाने आपला खर्च आवरता घेतला. विहीर आधी की शाळा आधी, रस्ता कोणत्या वाडीला, हे गावानेच ठरवावयाचे होते. यांत चुका झाल्या नसतील असे नाही. भाऊबंदकी आणि तट पंचायतीत शिरल्यावाचून कसे राहतील? परंतु चूक झाली तर ती करणारा पंच संध्याकाळी पारावर भेटत असे, व त्याला जाब विचारता येत असे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत निघाली तीही याच काळात. माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेल्या "दो आँखें बारह हाथ" या चित्रपटामागे हीच वसाहत आहे. दुष्काळी माळाकडे कोणी ढुंकून पाहत नसता तेथे असा विचार रुजला, ही गोष्ट या भागाच्या मुलांना शाळेत सांगण्याजोगी आहे. ती क्वचितच सांगितली जाते.

औंध संस्थानातील कुंडलच्या आश्रयाने १९४२ च्या चळवळीतील कार्यकर्त्यांना मोठा आधार मिळाला. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा जाऊन तिरंगा फडकला. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याच्या रोमहर्षक कथा सर्वांच्या तोंडी आहेत. येथे एवढेच नमूद करावयाचे की प्रतिसरकार म्हणजे केवळ भूमिगतांची धाडसे नव्हेत. गावसमित्यांनी न्यायनिवाडे केले, कमी खर्चाची लग्ने लावली, दारूबंदी व ग्रंथालये यांची कामे उचलली. कारभार आपला आपण चालविता येतो, याची खात्री ब्रिटिश अमलातील खेड्यांनाही त्यातून पटली.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि औंधची पंचायत घटनाही इतिहासजमा झाली. विलीनीकरण अटळ व हिताचेच होते. परंतु त्याबरोबर गावाच्या हातातील निम्मा महसूल गेला, त्याची खंत त्या वेळी फारशी कोणी केली नाही. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले.

स्वतंत्र भारतात बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. आपल्याकडे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला आणि वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आला. १ मे १९६२ रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या कारकीर्दीत जिल्हा परिषदा सुरू झाल्या. चव्हाणसाहेबांचे जन्मगाव देवराष्ट्रे याच जिल्ह्यातले. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, पशुवैद्यकीय दवाखाने, शेतीची प्रात्यक्षिके, लहान तलाव व बंधारे असा मोठा पसारा परिषदेकडे आला. आमदार-खासदारांना या संस्थांपासून दूर ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला. त्यामुळे गावच्या तरुणास राजकारणाची वेगळी तालीम मिळाली.

जुना आणा मात्र गेला नाही. सारावरील उपकराची तरतूद नव्या कायद्यातही राहिली आणि परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नास सर्वजण आजही "सेस फंड" असेच म्हणतात. सेस म्हणजे तोच उपकर. आजोबांनी भरलेल्या आण्याचे नाव नातवाच्या तोंडी आहे, फक्त अर्थ विसरला गेला.

१९७२ च्या दुष्काळाने या सर्व व्यवस्थेची परीक्षा घेतली. विहिरींनी तळ गाठला, गुरे बाजारात कवडीमोलाने गेली, घरधनीण कडेवरचे मूल झाडाखाली ठेवून खडी फोडू लागली. सुकडी आणि परदेशी मिलो यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून शेवटपर्यंत गेली नाही. त्या दुष्काळात राज्याला जो मार्ग सापडला, त्याचे मूळ तासगाव तालुक्यातच होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली विसापूर परिसरात एक प्रयोग झाला होता. जो काम मागेल त्याला काम द्यावे, आणि ते काम शेतीपाण्याच्या उपयोगाचे असावे, एवढी साधी ती कल्पना. तीच रोजगार हमी योजना. तिचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याचे बीज विसापूरच्या मातीतले आहे.

या योजनेस पैसा कोठून आला हेही पाहण्यासारखे आहे. १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला आणि शहरातील नोकरदाराच्या पगारातून खेड्यातील पाझर तलावासाठी कपात होऊ लागली. मुंबईस गिरणीत वा कचेरीत असलेला गावकरी देवळाला राजीखुशीने वर्गणी देत होता, तलावाला न कळत देत होता. उणीव एवढीच की कामाची निवड व मोजमाप खात्यांच्या हाती राहिले, ग्रामपंचायत बहुतांशी बघ्याच्या भूमिकेत राहिली. अनेक पाझर तलाव पुढे गाळाने भरले. ज्या गावास तलाव आपला वाटला त्याने गाळ काढून शेतात नेला. जेथे तो "खात्याचा" होता तेथे खात्याची वाट पाहिली गेली.

याच तालुक्यातील अंजनीचे कै. आर. आर. पाटील, सर्वांचे आबा, १९७९ साली सावळज गटातून जिल्हा परिषदेवर निवडून आले व १९९० पर्यंत सदस्य राहिले. गावाचे दुखणे त्यांनी परिषदेच्या बाकावरून पाहिले होते. ग्रामविकास मंत्री झाल्यावर २००० साली त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्याची रीत उलटी होती. आधी अनुदान नाही, आधी गावाने आपला गाव झाडावयाचा, गटारे, शौचालये, शोषखड्डे करावयाचे, मग तपासणी, मग बक्षीस. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडीत, तोच क्रम. तपासणी समिती येणार म्हणून रात्री बत्तीच्या उजेडात रस्ते झाडणारी, भिंती रंगविणारी माणसे हजारो गावांनी पाहिली. लोकवर्गणीतून झालेल्या कामाची किंमत बक्षिसाच्या कैक पट होती. अनेक ठिकाणी बक्षिसाबरोबर उत्साहही संपला आणि पुन्हा हागणदारी दिसू लागली, हेही खरे. परंतु जेथे बायकांनी ते मनावर घेतले तेथे काम टिकले. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या होत्या, २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. पाण्याची टाकी कोठे असावी हे, डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाईला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

अलीकडच्या काळात पैशाची वाट पुन्हा बदलली. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५ ते २०२० या काळात थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात आला, जिल्हा परिषद व पंचायत समितीस त्यात वाटा नव्हता. पंधराव्या आयोगाच्या वेळी तो थोडासा परत मिळाला. थेट पैसा आल्याने औंधची आठवण व्हावी, पण बऱ्याच निधीवर तो कशासाठी खर्चावा याची चिठ्ठी आधीच चिकटलेली असते. शिवाय २०२२ साली मुदत संपल्यावर राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले आणि आरक्षणाच्या वादात निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला. या मधल्या काळात शाळा चालल्या, पगार झाले, रस्त्यांवर डांबरही पडले. फक्त आपल्या गटाचा सदस्य कोण, हे विचारणाऱ्याला उत्तर मिळत नव्हते. कलेक्टरसाहेबांच्या लोकल फंडाच्या दिवसांत रयतेला हाच अनुभव होता.

देवळाच्या बांधकामाचा हिशेब सभामंडपात सर्वांसमक्ष वाचला जातो. सिमेंट किती, वाळू किती, गवंड्याची मजुरी किती, हे चार चौघांत विचारण्यास कोणी संकोच करीत नाही, आणि शिल्लक आठ आणे असली तरी ती सांगितली जाते. ग्रामसभाही कित्येक गावांत याच सभामंडपात भरते. तेथे पंचायतीचे अंदाजपत्रक वाचले जाते तेव्हा मात्र निम्मी मंडळी सह्या करून उठून गेलेली असतात. दोन्ही वह्यांत जमेच्या बाजूला नावे त्याच घरांची आहेत.