कुलूप नसलेले वाय-फाय: 26 जुलै 2008

जुलै 2008, अहमदाबादच्या स्फोटांच्या आधीचे आठवडे

नवी मुंबईतून चार मोटारी चोरीला जातात. शहरात गाड्या चोरीला जातच असतात, त्यामुळे त्यामागे काही मोठे असेल असे कोणाला वाटत नाही. याच शहरात एक अमेरिकन नागरिक भाड्याच्या घरात राहतो. घरात वाय-फायचा राउटर आहे आणि त्याला पासवर्ड नाही. त्या काळी यात वेगळे काही नव्हते. इंटरनेट जोडून देणारा माणूस यायचा, वायर लावायचा, लॅपटॉपवर एखादे पान उघडून दाखवायचा आणि निघून जायचा. पासवर्डचा विषय त्याने काढला नाही की आपणही काढायचो नाही.

शुक्रवार, 25 जुलै, दुपार

बंगळुरात एकामागून एक कमी ताकदीचे स्फोट होतात. देशभर सतर्कतेचे आदेश निघतात.

शनिवार, 26 जुलै, संध्याकाळ

अहमदाबादचे बाजार गजबजलेले आहेत. जेवणाच्या डब्यांत भरलेले बॉम्ब सायकलींना अडकवून जागोजागी ठेवले गेले आहेत, काही शहर बसमध्ये आहेत. नवी मुंबईतून चोरलेल्या मोटारींपैकी दोन स्फोटके भरून रुग्णालयांच्या आवारात उभ्या आहेत.

सुमारे 6.40

पाचशे किलोमीटर दूर, नवी मुंबईत, कोणीतरी त्या पासवर्ड नसलेल्या वाय-फायला लॅपटॉप जोडतो. त्यासाठी दार वाजवावे लागत नाही. राउटरच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या जिन्यात जातात, शेजारच्या घरात जातात, खाली उभ्या गाडीपर्यंतही पोहोचू शकतात. याहूच्या खात्यावरून एक लांबलचक मेल वृत्तवाहिन्यांना जाते. ‘इंडियन मुजाहिदीन’ या दहशतवादी संघटनेच्या नावाने आलेल्या त्या मेलमध्ये बजावलेले असते, पाच मिनिटे थांबा.

मेलसोबत ती कुठून निघाली याचा आयपी पत्ताही जातो. पण हा पत्ता लॅपटॉपचा नसतो, जोडणीचा असतो. घरातले सगळे संगणक आणि मोबाईल बाहेरच्या जगाला त्या एकाच पत्त्याने दिसतात. आगंतुकही त्यात मिसळून जातो. सेवा देणाऱ्या कंपनीच्या दफ्तरी त्या पत्त्यापुढे, त्या वेळेपुढे बिल भरणाऱ्याचेच नाव असते.

सुमारे 6.45

पहिला स्फोट होतो. मग बाजार, बस, चौक असे स्फोट होत जातात.

सुमारे 7.30 आणि पुढे

जखमींना घेऊन लोक सिव्हिल हॉस्पिटल आणि एल. जी. हॉस्पिटलकडे धावत असतात. तिथेच मोटारींमधले बॉम्ब फुटतात. रुग्णालयातल्या मृतांमध्ये एक डॉक्टर आणि त्यांची गर्भवती पत्नी होती. जखमी येणार, त्यांच्यामागे नातेवाईक आणि मदत करणारे येणार, हे ठाऊक असल्यामुळेच ही जागा निवडली होती. एवढे थंड क्रौर्य आपल्या देशाने क्वचितच पाहिले असेल.

सुमारे सत्तर मिनिटांत 21 स्फोट झाले. 56 माणसे गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

रविवार, 27 जुलै

मेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या त्या घरी पोहोचतात. संगणक ताब्यात घेतले जातात. मेल पाठवणाऱ्यांच्या दृष्टीने इथेच सगळे साधले, कारण तपासाचा पहिला धागा भलत्याच माणसाच्या दारात येऊन थांबला. त्याची चौकशी झाली, जगभर बातम्या झाल्या आणि अखेर त्याचा कटाशी संबंध नसल्याचे ठरले. सर्वांत मोलाच्या सुरुवातीच्या दिवसांत पोलिसांचे कष्ट तिथे खर्ची पडले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या राउटरला पासवर्ड असता तरी अहमदाबाद वाचले नसते, बॉम्ब आधीच ठेवलेले होते. माझा रोख पुढच्या सात आठवड्यांकडे आहे.

शनिवार, 23 ऑगस्ट

त्याच नावाने दुसरी मेल येते. या वेळी माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वाय-फायवरून. पहिली मेल कशी गेली हे एव्हाना प्रत्येक वर्तमानपत्रात छापून आले होते. तरीही मुंबईत वाय-फाय उघडेच सापडत होते.

शनिवार, 13 सप्टेंबर, संध्याकाळी सहानंतर

दिल्लीत करोल बागेच्या गफ्फार मार्केटमध्ये स्फोट होतो. त्यानंतर कॅनॉट प्लेस, मग ग्रेटर कैलाश. अर्ध्या तासात पाच स्फोट, किमान वीस मृत्यू. त्याच सुमारास तिसरी मेल येते. ती चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून निघालेली असते.

ऑक्टोबर 2008 ते फेब्रुवारी 2009

मुंबई गुन्हे शाखा या मेलप्रकरणी संशयितांना पकडते. त्यात संगणक क्षेत्रात काम करणारी, शिकलेली मुले होती. लॅपटॉप घेऊन ते उघडे वाय-फाय शोधत फिरत, असे पोलिसांनी सांगितले. पुढे मुंबई पोलिसही तसेच लॅपटॉप घेऊन रस्त्यांवर फिरले, उघडी जाळी शोधायला. 23 फेब्रुवारी 2009 रोजी दूरसंचार विभागाने आदेश काढला की सार्वजनिक वाय-फाय देताना वापरणाऱ्याची ओळख पटवलीच पाहिजे. रेल्वे स्थानकावर फुकट वाय-फाय घेताना मोबाईलवर जो ओटीपी येतो, त्याचे मूळ इथे आहे.

त्या ओटीपीमुळे तुम्ही कोण हे जाळ्याला कळते. जाळे कोणाचे आहे हे मात्र तुम्हाला कळत नाही. स्थानकाच्या नावाचे बनावट वाय-फाय शेजारच्या बाकावरूनही सोडता येते. म्हणून बँकेचे काम तिथे करू नका, स्वतःचा मोबाईल डेटा वापरा.

फेब्रुवारी 2022मध्ये विशेष न्यायालयाने अहमदाबाद खटल्यात 49 जणांना दोषी ठरवले, 38 जणांना फाशी सुनावली. स्फोटांना तेरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

तुमच्या घरातला, दुकानातला, सोसायटीच्या कार्यालयातल्या राउटरची सेटिंग्ज आज उघडून पाहा. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 ही सुरक्षा पद्धत सुरू आहे ना ते तपासा, जुने डब्ल्यूईपी असेल तर ते कुलूप नाहीच असे समजा, आणि पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवा. हे काम अर्ध्या तासाचे आहे, जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला बसवा, पण आजच करा.