चित्रांचा बस्ता

जुन्या कचेऱ्यांत ‘उमेदवार’ म्हणजे नुसता अर्ज करणारा नव्हे. बिनपगारी खर्डेघाशी करीत, आपले अक्षर आणि आपले इमान वरिष्ठांच्या नजरेस आणीत, जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा जो तरुण, तो उमेदवार. ॲनिमेशनच्या, म्हणजे रेषेला चालते-बोलते करणाऱ्या विद्येच्या, पदवीसाठी अर्ज करणाऱ्या मुलाने चित्रांचा बस्ता काखोटीस मारून परीक्षकांपुढे हजर व्हावे, हा जो आजचा शिरस्ता आहे, त्याचे मूळ मला अशाच एका उमेदवारीत दिसते.

ती उमेदवारी लॉस एंजेलिसच्या वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेतली. आपल्या माणसांची रेषा कच्ची आहे हे ओळखून डिस्ने यांनी १९२९ च्या सुमारास त्यांना शुइनार्ड कलासंस्थेच्या रात्रीच्या वर्गांना धाडले, आणि १९३२ च्या नोव्हेंबरात तिथले शिक्षक डॉन ग्रॅहम यांनाच वर्ग चालविण्यासाठी आपल्याकडे आणले. पुढे ‘हिमगौरी आणि सात बुटके’ या १९३७ च्या चित्रपटासाठी माणसे थोकाने घ्यावी लागली, तेव्हा आणलेली चित्रे पाहून उमेदवारास आत घेत आणि मग मुदतीच्या कामावर बसवीत. काम वरकरणी क्षुद्र होते : ज्येष्ठाने एका हालचालीचे आरंभीचे व अखेरचे चित्र काढावे, उमेदवाराने मधली भरावीत. खालून उजेड असलेल्या काचेवर भोके पाडलेले कागद खुंट्यांत अडकवून, बोटांच्या बेचक्यांत चारपाच पाने धरून तो ती मागेपुढे फडफडवी. पात्राचा हात सुरळीत वर गेला तर ठीक, मध्येच थरथरला तर कागद टोपलीत. २३ डिसेंबर १९३५ रोजी डिस्ने यांनी ग्रॅहम यांना जो लांबलचक खलिता लिहिला, त्यात चांगल्या चित्रकाराच्या अंगी रेखनकौशल्याच्या जोडीला अभिनयाची जाण, विनोदबुद्धी आणि कथारचनेचे भान असावे अशी अपेक्षा नमूद आहे. सुबक चित्र काढणारा आणि हालणारे चित्र काढणारा हे दोन निराळे इसम आहेत, याची ही जणू दप्तरी नोंदच म्हणावयाची.

शुइनार्ड संस्था १९६१ मध्ये कॅलिफोर्निया कला संस्थेत विलीन झाली, १९७५ मध्ये तेथे डिस्नेच्या जुन्या चित्रकारांच्या हाताखाली पात्र-ॲनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि चित्रशाळेच्या आतली कसोटी विद्यालयाच्या दारात आली. जिवंत माणसाची झटपट काढलेली रेखाटने, हात, एकच पात्र समोरून-बाजूने-पाठमोरे फिरवून काढलेले : कॅनडातील शेरिडन महाविद्यालयाने अशा मागण्यांचा जाबताच करून टाकला.

आपल्याकडचा पहिला बस्ता मात्र, माझ्या मते, कागदाचा नव्हताच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याचे रोप रोज थोडे थोडे चित्रित केले आणि महिनाभराची ती वाढ क्षणार्धात पडद्यावर दाखवून चित्रपटासाठी भांडवलदाराचे मन वळवले. सावकारापुढे तारण म्हणून अंकुर ठेवणारा हा गृहस्थ विलक्षणच! पुढे भारतातच जन्मलेले आणि डिस्ने यांच्याकडे मुरलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमधील कार्टून विभागात शिकवावयास आले; त्यांच्या हाताखालच्या राम मोहन यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास अर्धवट सोडलेला होता. सनदेपेक्षा हात पाहिला जात असे, एवढा बोध त्यावरून घ्यावयास हरकत नाही.

आपल्या रेखाकला परीक्षांत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये, स्मरणचित्राचा एक विषय असतो. या विद्येच्या सर्वांत निकटचा तोच, कारण डोळ्यांपुढून निघून गेलेली हालचाल त्यात आठवावी लागते. परंतु शिकवणी वर्गांनी त्याची अशी काही वासलात लावली आहे की जत्रा असो वा बाजार, फुगेवाला ठरलेल्या कोपऱ्यात उभा असतो आणि चेहरे काढावे लागू नयेत म्हणून सारा गाव पाठमोरा असतो.

ठरीव, सुबक चित्राची हीच खोड बस्ता बांधतानाही आड येते. वडीलधारी मंडळी भिंतीवर लावण्याजोगी जलरंगातली निसर्गचित्रे हटकून वर ठेवतात. तेलाचे डाग पडलेली वही अडगळीत जाते. त्या वहीत एसटीच्या थांब्यावरची एक शेळी असते : मान खाली, कान झटकलेला, पुढचा पाय दुमडलेला, अशी एकाच पानावर सहा वेळा काढलेली, सातव्या वेळी नुसती पाठीची रेषा आहे, कारण तेवढ्यात ती उठून गेली.