कुंची, कातरण आणि बाहुली

आईला मुलांचे कपडे शिवता येतात, चिंध्यांची बाहुली करता येते, हे आपण इतके गृहीत धरतो की ते तिला कोणी आणि कशासाठी शिकवले, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. 'आईच्या हातचं' म्हटले की सारेच उपजत वाटू लागते. गेली काही वर्षे मी जुन्या घरांतल्या ट्रंकांमधून निघणारे बाळंतविडे पाहत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की आपल्याकडच्या बाया हे शिवणे दोनदा शिकल्या. पहिल्यांदा मापाशिवाय, दुसऱ्यांदा मापाने.

ज्या घरात आजी नऊवारी लुगड्यात आणि आजोबा धोतर-उपरण्यात, त्या घरात शिवलेल्या कापडाचे रोजचे मानकरी थोडेच. त्यांत बाईची चोळी आणि बाळाचे अंगडे-टोपडे ठळक. गावात शिंपी असे, अलुत्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. पण चोळी पुष्कळ घरांत बायकाच बेतत. चोळी खणाची आणि कुंचीही खणाची, त्यामुळे दोन्हींसाठी हात एकच लागे. कुंचीची करणी तर फारच सोपी. लांबट कापडाची वरची कड मधोमध दुमडायची आणि डोक्यामागे येईल अशी एक शिवण घालायची. वर टोपी होते, उरलेले कापड पाठीवरून खाली सुटते. काठाला ऐपतीप्रमाणे जर, हनुवटीखाली बंद. झबलेही तसेच, पाठीशी उघडे आणि बंदांनी बांधायचे. बटण नाही, काज नाही. बाळ वाढले तर बंद सैल करायचा.

कापड मात्र जुने. बाळाचे पहिले कपडे वापरून मऊ झालेल्या धोतराचे किंवा लुगड्याचे करण्याची रीत अनेक घरांत होती. नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला बोचते, हे कारण मला पुरेसे वाटते. शकुन-अपशकुन त्याला मागाहून चिकटले असावेत. शिवाय उरलेल्या तुकड्यांचे दुपटे होई. पण ही सोय ज्यांच्याकडे जुने होण्याइतके लुगडे शिल्लक राही त्यांचीच. एकच लुगडे अंगावर विरेपर्यंत नेसणारीच्या बाळाची कुंची मला कुठल्याही ट्रंकेत सापडली नाही, आणि सापडणारही नाही.

या वस्तू वाचायच्या तर टाका ओळखता यायला हवा. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी सासूबाईंकडून धावदोरा आणि हातशिलाई शिकलो. तेव्हा कुठे कळले की जुन्या कुंच्यांवरचे बारीक, एकसारखे टाके हौसेपुरते नाहीत. रोज धुवायचा कपडा लांब टाक्याने टिकतच नाही.

दुसरे शिक्षण यंत्रासोबत आले. आयझॅक सिंगरने आपल्या शिवणयंत्राचे पेटंट १८५१ मध्ये घेतले, आणि त्याच दशकात त्याच्या कंपनीने हप्त्यांवर यंत्रे विकायला सुरुवात केली. हिंदुस्थानातला तिचा कारभार पुढे दीर्घकाळ मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी पाहिला. यंत्र आधी शिंप्याच्या दुकानात गेले, घरात उशिरा आले. १९२४ मध्ये गांधीजींनी यंत्रांविरुद्ध बोलताना सिंगरच्या यंत्राला अपवाद केला. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहवेनात म्हणून त्याने ते घडवले, असे ते म्हणाले. सिंगरचे चरित्र या कथेला मुळीच दुजोरा देत नाही. तिचा मासला एलियस हाउ या दुसऱ्या संशोधकाच्या घरच्या गोष्टीशी अधिक जुळतो. पण शिवणे हे कष्ट आहेत, हे त्या निमित्ताने एका थोर माणसाने बोलून दाखवले, हे काय कमी झाले!

यंत्राबरोबर फ्रॉक, चड्डी, सदरा आला, म्हणजे माप आले. छाती, खांदा, उंची घ्यायची, कागदावर बेतायचे, काजे करायची. हे आजीकडून मिळणारे नव्हते. मिशनच्या मुलींच्या शाळांतून शिवण आधीपासून होतेच. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी उभ्या केलेल्या पुणे सेवासदनातही शिवणाचे वर्ग चालले. तिथे येणाऱ्यांत विधवा आणि परित्यक्ता होत्या. मुलाला हौसेने फ्रॉक शिवणारी गृहिणी आपल्या डोळ्यांपुढे असते. पण वर्गात बसलेल्या अशा बाईला पोट भरायचे होते. मला भेटलेल्या तीन घरांतली हकिगत सारखीच निघाली. आईने सरावासाठी पहिले कपडे आपल्याच पोरांना शिवले, बिघडले तेही त्यांनीच घातले, आणि हात बसल्यावर शेजारणींचे काम घेतले. त्या मुलांच्या अंगावरचा वाकडा गळा हे एका कुटुंबाच्या कमाईचे पहिले पान होते.

आता बाहुली. लुगडे-धोतर नेसायचे असेल तर कातरण पडत नाही. कपडा मापाने बेतला की काखेतून, गळ्यातून चिंध्या निघतात. माझा तर्क असा की घरोघरच्या चिंध्यांच्या बाहुल्या मशीनखाली पडलेल्या या कातरणीने वाढल्या. त्याआधीची ठकी लाकडी, पांगुळगाडा सुताराचा, भातुकली कुंभाराची किंवा तांबटाची. पाळण्यावरचे चिमणाळे तेवढे कापडाचे, मण्यांचे आणि घरचे असे. माझ्या पाहण्यातली एक बाहुली आतून उसवली तेव्हा पोटात सात वेगवेगळ्या कापडांचे तुकडे निघाले. त्यांतले दोन खाकी होते, शाळेच्या चड्डीचे.

विकत घेता न येणारे खेळणे घडवायला शिकण्याची ही वाट पुढे शाळेतही पोहोचली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात माँटेसरीच्या महागड्या साहित्याच्या जागी शिंपले, चिंचोके, गोटे, पाने आली.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे यांच्याबरोबर खेळणी, बाहुल्याही आहेत. दिनकर केळकरांनी ते सातव्या वर्षी गेलेल्या आपल्या मुलाच्या नावे केले. लाकूड-पितळ असे टिकते. कापडाचे खेळणे मूल चावते, ओढते, धुळीत टाकते. कपडा धाकट्याकडे जातो, मग पोतेऱ्यात. शिवणाऱ्या हातांचा पुरावा अशा रीतीने वापरातच संपतो.

माझ्याकडे एक निळा परकर आहे. घेराच्या तळाशी एकाखाली एक तीन उसवलेल्या टका दिसतात. दर टकेची जुनी रेघ गडद निळी, भोवतीचे कापड फिके. आईने तो शिवतानाच तीन वर्षांची वाढ आत दुमडून ठेवली होती. चौथी टक मात्र शिवलेलीच आहे.