सामायिक घर

मालवणात पूर्वी घर विकत घेणं ही गोष्ट क्वचितच कानावर यायची. घर बांधायचं, वाढवायचं, भावाभावांत वाटून घ्यायचं. विकायचं मात्र नाही. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, उतरतं छप्पर, पुढं पडवी, आत माजघर, मागं विहीर आणि माड. पावसाच्या आधी कौलं परतायची, पाऊस सरला की खळं चोपून सारवायचं. घर म्हणजे हे कामच.

1664 साली समोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधायला घेतला. किल्ला आणि बंदर यांच्या आधारानं वस्ती वाढली. पुढं मात्र याच बंदरातून माणसं बाहेर गेली. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि बोटीनं तिकडं जाण्याची वहिवाट पडली. बोट खोल पाण्यात थांबे, पडावात बसून तिथवर जावं लागे. पावसाळ्यात तीही बंद. माणूस मुंबईला, मनिऑर्डर मालवणात. किती घरांची छपरं या मनिऑर्डरींवर तगली याचा हिशेब कुणी मांडला नाही.

गेलेला माणूस कागदावरून मात्र जात नाही. आमच्याच घराचा सातबारा घ्या. पणजोबांचं नाव, त्याखाली आजोबा आणि त्यांचे भाऊ, मग त्यांची मुलं. बहिणींचीही नावं लागली, आणि ती लागायलाच हवी होती. आज तेवीस नावं आहेत. त्यांतली काही माणसं वारली, त्यांची वारस नोंद अजून व्हायची आहे. घरात राहतं कोण? एकटी काकी.

1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. कुडाळला उतरून तासाभरात मालवण गाठता येऊ लागलं. तारकर्लीला पर्यटक आले, मागोमाग घरं विचारणारे आले. "समुद्र दिसतो का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आमच्या जुन्या माणसांनी घर बांधताना समुद्राकडं पाठच केली होती. वारा आणि खारं पाणी कौलं, लाकूड, लोखंड सगळं खातं, हे त्यांना ठाऊक होतं.

विकत घेणं तसं सोपंही नाही. शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. 1991 च्या किनारा नियमांनी भरतीच्या रेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध आणले. आणि घर सामायिक असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. एकाची सही घेऊन कुणी इसार दिला, तर त्याच्या हाती फार तर एक हिस्सा लागतो. तो हिस्सा माजघर की पडवी, हे कोर्टसुद्धा लवकर सांगत नाही.

आमच्या घरालाही गिऱ्हाईक आलं. गणपतीत सगळे जमलो तेव्हा विषय निघाला. डोंबिवलीच्या पुतण्यानं मोबाईलवर भागाकार केला. त्याच्या वाट्याला येत होती ती रक्कम लहान नव्हती. त्याच्या डोक्यावर कर्ज होतं, तोही चुकीचा नव्हता. काकी मोदकांचं पातेलं उतरवत होती. तिथूनच म्हणाली, "झिला, घर इकतलास, पण तुळशीक खंय नेतलास?"

कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी ठरलं ते असं: काकी आहे तोवर घर हलवायचं नाही, दरवर्षी प्रत्येकानं छपरासाठी पैसे द्यायचे, आणि तेवढ्यात मेलेल्यांच्या वारस नोंदी पुऱ्या करायच्या. पुतण्याला दोघा चुलत्यांनी हातउसने पैसे दिले. विक्री टळली, संपली नाही.

यात आणखी एक जण आहे, ज्याचं नाव कुठल्याच चर्चेत येत नाही. आमच्या वाडीतला मासेमारी करणारा तरुण, लग्न ठरलेला, दोन गुंठे शोधतोय. बाहेरच्यांच्या पैशानं दर असा चढलाय की त्याच्याच वाडीत त्याला जागा परवडत नाही.

म्हणून घर बघायला येणाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. सातबारा आणि फेरफार आधी वाचा, त्यातल्या प्रत्येक नावाचं माणूस शोधा. आणि डिसेंबरात नको, आषाढात येऊन आठ दिवस राहा. वीज नसते, भिंतीला ओल येते, समुद्र रात्रभर गरजतो. तेव्हाही राहावंसं वाटलं, तर मग शेजाऱ्याच्या पडवीत बसा आणि विहिरीची वाट कुणाकुणाची आहे ते विचारा.